माननीय सभासद, तो फोन करू नका

(महाराष्ट्रातल्या 29 महानगरपालिकांच्या नवनिर्वाचित नगरसेवक-नगरसेविकांना खुलं पत्र)

स. न. वि. वि.

15 जानेवारीला मतदान झालं, 16 तारखेला गुलाल उधळला गेला आणि राज्यभरात मिळून तुम्ही 2,869 जण सभागृहात जाऊन बसलात. अभिनंदन. तुमच्या अभिनंदनाचे फ्लेक्स आमच्या चौकात अजून आहेत. त्यातले किती परवानगी घेऊन लावलेत, हा विषय आज काढत नाही. मला आगीबद्दल बोलायचं आहे.

मी एका अकरा मजली, 84 फ्लॅटच्या सोसायटीचा मानद सचिव आहे. सात वर्षं झाली. मानद म्हणजे पगार नाही आणि शिव्या मात्र रीतसर. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या 28 शहरांतले सभासद म्हणतील, हे तिकडचं आहे. तेव्हा ते तुमचंच शहर आहे असं धरून चाला, फारसं चुकणार नाही.

आमच्या इमारतीत आग विझवायची सगळी यंत्रणा आहे. खाली पंप रूम, गच्चीवर टाकी, प्रत्येक मजल्यावर लाल पेटी, पेटीत होज. बिल्डरने फायर एनओसी घेतली तेव्हा हे सगळं झळझळीत होतं. मी सचिव झालो तेव्हा पहिल्या महिन्यात एक फाइल हातात आली. तिच्यात दर सहा महिन्यांचे बी फॉर्म नीट लावलेले होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे आणि 6 डिसेंबर 2008 पासून लागू आहे. यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी, आणि ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाकडे द्यायचं, असं त्यात आहे. हाच तो बी फॉर्म.

तर आमचे बी फॉर्म होते. सही होती, शिक्का होता. मी आपला नवा भिडू, उत्साहात विचारलं, की पंप शेवटचा कधी चालवला? वॉचमन हसला. पंप रूमचं कुलूप उघडायला किल्ली सापडेना, शेवटी हातोडी आणली. आत मोटारीवर कबुतरांनी घरटं केलेलं. पॅनलवरचा स्विच ऑटोवर असायला हवा, तो मॅन्युअलवर होता, कारण मध्यंतरी कधीतरी गळतीमुळे पंप रात्री आपोआप सुरू झाला होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची झोप मोडली होती. डिझेल पंपाची बॅटरी मेलेली. चौथ्या मजल्यावरच्या लाल पेटीत झाडू आणि फिनेलची बाटली. होजची पितळी नोझलं अकरापैकी सात मजल्यांवर नव्हतीच. ती भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातात. आणि टाकी? उन्हाळ्यात टँकर महाग पडतो म्हणून आगीसाठी राखलेलं पाणी आम्हीच पिऊन टाकलेलं.

एजन्सीवाल्याला फोन केला. तो अतिशय सभ्य माणूस. म्हणाला, "साहेब, सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर टाकू का प्रिंट काढून पाठवू?" मी म्हटलं, तुम्ही येऊन बघणार नाही का? तो म्हणाला, "बघायचं असेल तर त्याचा रेट वेगळा आहे."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. बघण्याचा रेट वेगळा आहे.

आता कुणी म्हणेल की चूक त्याची. आहेच. पण नीट पाहिलं तर त्याला नेमणारे आम्ही, पैसे देणारे आम्ही, आणि जो कमी पैशात, कमी त्रासात कागद देईल त्यालाच पुढच्या वर्षी बोलावणारेही आम्ही. एजन्सीला परवाना देणारं राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय मुंबईत. आमच्या शहरातलं अग्निशमन दल फक्त कागद आला की नाही एवढंच बघतं, आणि खरं सांगायचं तर तेवढंही बघायला त्यांच्याकडे माणूस नाही. सात वर्षांत आमच्या पंप रूममध्ये पालिकेचा एकही माणूस आलेला नाही. आला असता तर त्या पहिल्या वर्षी आम्हाला नोटीस मिळाली असती, आणि ती मिळायलाच हवी होती. हे मी सोसायटीचा सचिव म्हणून लेखी देतो.

पंप दुरुस्त करायला, नोझलं बसवायला, वायरिंग बदलायला आम्हाला दीड वर्ष लागलं. वार्षिक सभेत तीनदा भांडणं झाली. "आजवर लागली का आग?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की मी मोजणं सोडून दिलं. 22 जानेवारी 2022 ला मुंबईत ताडदेवच्या एका उंच इमारतीत वरच्या मजल्याला आग लागली, माणसं गेली, आणि यंत्रणा बंद होती अशी बातमी आली. तेव्हा कुठे आमच्या सभेत खर्च मंजूर झाला. दुसऱ्याच्या घरची राख बघितल्याशिवाय आपल्या खिशातला हात बाहेर येत नाही. ही काही फक्त तुमची गोष्ट नाही, आमचीही आहे.

इथवर आमची लाज सांगितली. आता तुमच्याकडे येतो.

आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक हॉटेल आहे. चांगलं चालतं, मिसळ उत्तम, मी स्वतः गिऱ्हाईक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळी सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड टाकली. मग शेडमध्ये भटारखाना आला, भटारखान्याच्या मागे सिलिंडरची रांग आली, आणि ती रांग बरोबर त्या इमारतीच्या जिन्याच्या तोंडाशी आली. वर सोळा कुटुंबं राहतात. त्यातल्या एका आजींनी मला सांगितलं म्हणून मी तक्रार केली, नाहीतर मीही दुर्लक्षच केलं असतं.

तक्रार कुठे करायची हे शोधण्यातच महिना गेला. शेड म्हणजे बांधकाम विभाग. शेडखाली धंदा म्हणजे परवाना विभाग. टेबलं फूटपाथवर आली की अतिक्रमण विभाग. सिलिंडर जिन्यात असले तर अग्निशमन दल. चौघांनी मला अतिशय नम्रपणे एकमेकांकडे पाठवलं. शेवटी एक तरुण अधिकारी भेटला, जागेवर आला, फोटो काढले, नोटीस काढली. मला वाटलं, सुटलं एकदाचं. पंधरा दिवसांनी गेलो तर शेड तिथेच, सिलिंडर तिथेच, फक्त त्यांच्यावर ताडपत्री आली होती. त्या अधिकाऱ्याला गाठलं. तो खाली बघून म्हणाला, "काका, नोटीस चिकटवून मी ऑफिसला पोचायच्या आत फोन आला. जरा सांभाळून घ्या म्हणाले."

कुणाचा फोन, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या वेळी आमच्या शहरात सभागृहाची मुदत संपलेली होती, प्रशासक होते. म्हणजे फोन करणारा विद्यमान नगरसेवक तर नव्हता. माजी असेल, इच्छुक असेल, कुणाचा तरी भाचा असेल. आता तुम्ही विद्यमान झाला आहात. फोन तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

प्रशासक होते म्हणून असं झालं, हे कारण मला पटत नाही, हेही सांगून टाकतो. मुंबईच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, काही शहरांत 2020 पासूनच प्रशासक होते. सभागृहात उभं राहून आयुक्तांना जाब विचारणारा कुणी नव्हता, हे शहराचं नुकसानच. पण 2017 मध्ये सगळीकडे लोकनियुक्त सभागृहं होती ना? त्या डिसेंबरात काय झालं ते आठवा. 18 तारखेला पहाटे साकीनाक्याला खैराणी रोडवर एका फरसाणच्या कारखान्यात आग लागली आणि 12 कामगार गेले. दहा दिवसांनी, 28 च्या मध्यरात्रीनंतर, लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 जण गेले. त्यातले कितीतरी स्वच्छतागृहात गुदमरून. शेजारच्या पबमधल्या हुक्क्याच्या निखाऱ्यावर चौकशीत बोट ठेवलं गेलं. तिथे पालिकेच्या नोटिसा आधी गेल्या नव्हत्या असं नाही. गेल्या होत्या.

आणि मग, तुम्हाला आठवत असेल, दोनच दिवसांत मुंबईत शेकडो हॉटेलांच्या, पबांच्या बेकायदा शेड पाडल्या गेल्या. टाळ्या वाजल्या. मी मात्र तेव्हापासून एकाच गोष्टीवर अडलो आहे. दोन दिवसांत शेकडो ठिकाणं पाडता आली, याचा अर्थ त्या ठिकाणांची यादी पालिकेकडे होती. कुठे काय वाढवलंय, कुणी कुठे पत्रा टाकलाय, हे सगळं वॉर्ड ऑफिसला पाठ होतं. माहिती होती, कायदा होता, हातोडा होता. या तिघांच्या मध्ये काय होतं? माझ्या मते बऱ्याच ठिकाणी एक फोन होता.

जाता जाता एक गोष्ट. कमला मिल सगळ्यांच्या लक्षात आहे, खैराणी रोड किती जणांच्या? आग तीच, महिना तोच, पालिका तीच. पण तिथे माळ्यावर झोपलेले मजूर होते.

राज्यघटनेत 74 व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात नागरी संस्थांचे 18 विषय आहेत. सातवा विषय दोन शब्दांचा आहे, अग्निशमन सेवा. बंब तुमचा आहे, बंबावरचा माणूस तुमचा आहे. माझ्या मिळकतकराच्या बिलात अग्निशमन कराची वेगळी ओळ आहे, ती रक्कम मी तुमच्या तिजोरीत भरतो. 2006 च्या कायद्यात मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला बरेच अधिकार आहेत. कलम 6 ची नोटीस आहे. कलम 8 तर असं आहे की धोका डोळ्यांसमोर दिसत असेल तर इमारत रिकामी करायला लावता येते, वीज-पाणी तोडता येतं. एवढी ताकद असलेला अधिकारी आयुक्तांच्या हाताखाली आहे आणि आयुक्तांना प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मग तुम्ही विचारता काय? मी जुन्या सभांच्या बातम्या वाचत असतो, रिकामा वेळ आहे. अग्निशमन दलाचा विषय सभागृहात येतो तो बहुतेक वेळा खरेदीचा. उंच शिडीचं वाहन घ्यायचं, किती मीटरचं घ्यायचं, किती कोटींचं घ्यायचं. शिडी हवीच, वाद नाही. पण ती शिडी ज्या गल्लीत जाणार त्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या आहेत, तोंडाशी सोसायटीची कमान आहे, आणि भाद्रपदात मधोमध मांडव आहे. त्या गल्लीचा विषय कुणी मांडत नाही, कारण गाड्या मतदारांच्या, कमान मतदारांची, आणि मांडवात तर तुम्ही स्वतःच आरतीला.

मी मंडळाविरुद्ध नाही. वर्गणी देतो, खिरापतही वाटतो. माझं म्हणणं एवढंच, की बंब जाईल एवढी वाट सोडायचा नियम मांडवाच्या परवानगीत असतोच. परवानगी द्यायच्या आदल्या दिवशी त्या गल्लीतून एकदा खरा बंब चालवून बघा. नाही गेला तर मांडव तीन फूट सरकेल. बाप्पा रागावणार नाहीत.

आणि सुरुवात आमच्यापासून करू नका, स्वतःपासून करा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. शाहू महाराजांनी उभारलेलं, पालिकेच्या ताब्यातलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापुरातले नाटकवाले रस्त्यावर उभे राहून रडत होते, ते टीव्हीवर बघताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या रंगमंचावर काय काय झालंय ते आमच्या पिढीला माहीत आहे. तुमच्या शहरातलं पालिकेचं नाट्यगृह, पालिकेचं रुग्णालय, पालिकेची मंडई, पालिकेच्या शाळा, आणि हो, तुम्ही ज्या सभागृहात बसता ती इमारत, या सगळ्यांची यंत्रणा शेवटची कधी चालवून पाहिली गेली? पहिल्याच सभेत हा लेखी प्रश्न टाका. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. ते रुग्णालय सरकारचं होतं. सरकारने स्वतःच्या इमारतीला कुणाची नोटीस पाठवायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तुमच्या इमारतींपुरता तुम्ही तो सोडवू शकता.

मग आमच्याकडे या. मोठ्या इमारती, रुग्णालयं, मॉल, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास, गोदामं, या सगळ्यांच्या बी फॉर्मची यादी प्रभागवार करा आणि पालिकेच्या संकेतस्थळावर टाका. कुणी दिला, कुणी दिला नाही, कोणत्या एजन्सीने दिला. एवढंच, बाकी काही नको. ज्या मंगल कार्यालयात मुलीचं लग्न ठरवायचंय त्याचं नाव यादीत आहे का, हे बाप स्वतः बघेल. आणि आमच्यासारख्या सोसायट्यांचं म्हणाल तर शेजारच्या सोसायटीचं नाव हिरव्या रंगात आणि आपलं लाल रंगात दिसलं की वार्षिक सभेतला खर्च पहिल्या फटक्यात मंजूर होतो. माणसाचा स्वभाव आहे, तो वापरा. शिवाय त्या यादीतून दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून दहा इमारती काढा आणि दलाचा माणूस न सांगता पाठवून पंप चालू करायला लावा. पंप बंद आणि बी फॉर्म चालू, असं सापडलं तर इमारतीला नोटीस द्याच, पण एजन्सीचं नाव परवाना रद्द करण्यासाठी संचालनालयाकडे पाठवा. एका शहरातून अशी चार नावं गेली ना, तर बघण्याचा रेट आपोआप मूळ रेटमध्ये धरला जाईल.

नोटिशीचंही तसंच. "नोटीस दिली आहे" हे उत्तर सभागृहात ऐकून घेऊ नका. नोटीस कधी दिली, मुदत कधी संपली, मुदतीनंतर कोण गेलं, काय दिसलं, ते विचारा. गोव्यात हडफड्याला 6 डिसेंबर 2025 च्या रात्री एक नाइटक्लब जळला आणि 25 जण गेले, बहुतेक तिथलेच कामगार. त्या बांधकामाला पंचायतीची पाडण्याची नोटीस होती आणि तिला वरून स्थगिती मिळाली होती, हे नंतर बाहेर आलं. नोटीस आणि स्थगिती यांच्या मधल्या जागेत हॉटेल चालतं. कधीकधी वर्षानुवर्षं चालतं.

आता तुमच्या मनात जे आलं असेल ते मीच बोलतो. "काका, पोटावर पाय द्यायचा का लोकांच्या?" खरंय. नियमाची अंमलबजावणी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, जेसीबी. वर्षानुवर्षं काहीच नाही आणि मग एका सकाळी सगळं सपाट. पिंपरी-चिंचवडमध्ये कुदळवाडीला फेब्रुवारी 2025 मध्ये हजारो गोदामं आणि शेड पाडल्या. त्या भागात आगी लागत होत्या, भंगार, प्लास्टिक, रसायनं सगळं एकत्र होतं, कारवाई अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या शेड एका रात्रीत उगवत नाहीत. पहिल्या शेडच्या वेळी कुणी हटकलं असतं तर शेवटच्या माणसाचा संसार ट्रकमध्ये भरावा लागला नसता. त्याच्याच जवळ चिखलीत, पूर्णानगरला, 30 ऑगस्ट 2023 च्या पहाटे एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानातच राहणारं कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं, चौघेही गेले. दुकानात राहणं नियमात बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. भाडं परवडत नाही म्हणून माणूस माळ्यावर झोपतो. अशा ठिकाणी दंडाची पावती फाडून काही होणार नाही. शटर आतून उघडता येईल असं करून घ्या, मागे बाहेर पडायला दुसरी वाट ठेवायला लावा, वायरिंग तपासून द्या, पेंट आणि थिनरचे डबे झोपायच्या जागेपासून दूर ठेवायला शिकवा. तुमच्या प्रभागात माळ्यावर झोपणारी दुकानं किती, हे तुमच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. मतदार यादी घेऊन दारोदार तेच तर फिरले होते.

त्याच पिंपरी-चिंचवडमध्ये तळवड्याला 8 डिसेंबर 2023 ला वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये आग लागली. त्या दिवशी सहा जणी गेल्या, नंतरच्या दिवसांत रुग्णालयात आकडा वाढत गेला. पुण्याजवळ पिरंगुटला 7 जून 2021 ला कारखान्याच्या आगीत 17 कामगार गेले, त्यातही बहुतेक बायकाच. सोलापूरला 18 मे 2025 ला टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले, त्यात मालक होते आणि त्यांच्या घरची माणसं होती. म्हणजे आगीत फक्त कामगारच जातो असंही नाही. या तीन जागांपैकी एक पालिका हद्दीत, एक ग्रामीण भागात, एक औद्योगिक वसाहतीत. हद्दीचा प्रश्न आला की प्रत्येक कार्यालय नकाशा काढतं. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, त्यात अग्निशमन नाही, त्यामुळे शहराला लागून असलेल्या गावांत गोदामं पालिकेच्या बाजारासाठी आणि बंब देवाच्या भरवशावर. मग वर्दी आली की जातो कोण? तुमचाच बंब जातो. जाणारच असेल तर तिथे काय साठवलंय हे आधी माहीत असलेलं काय वाईट?

बंबावरच्या माणसांबद्दल थोडं लिहितो, थोडंच, कारण त्यांच्याबद्दल गहिवरून बोलणं सोपं आहे. 9 मे 2015 ला काळबादेवीतल्या गोकुळ निवासाची आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई. प्रमुखच आगीत उतरला होता. आपल्याकडच्या दलात माणूस असा असतो. आणि आपण त्याला देतो काय? मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी. कंत्राटावरचा चालक. एका केंद्रात दोन बंब आणि दीड बंबाची माणसं. आग विझवायला जाणारा जवानच दुसऱ्या दिवशी नोटीस चिकटवायला जाणार, तिसऱ्या दिवशी झाडावरचं मांजर काढणार आणि चौथ्या दिवशी व्हीआयपी सभेला उभा राहणार. तपासणीसाठी वेगळी माणसं नेमा. अंदाजपत्रक तुमच्यासमोर येईल तेव्हा अग्निशमनाच्या पानावर वाहनखरेदीच्या खाली बघा, भरतीच्या ओळीत किती आहे ते.

आणि त्या तरुण अधिकाऱ्यासाठी एक मागणं आहे. त्याला नोटीस काढू द्या. ती चुकीची असेल तर हॉटेलवाला अपील करेल, कोर्टात जाईल, त्याच्याकडे वकील आहे. तुमचं लेखी म्हणणं असेल तर आयुक्तांना पत्र लिहा, तुमच्या सहीने, आवक क्रमांकासह. ते पत्र फाइलमध्ये राहील. फोन फाइलमध्ये राहत नाही, म्हणूनच तो केला जातो, हे तुम्हालाही कळतं आणि आम्हालाही. मुंबई सोडली तर बहुतेक प्रभागांत तुम्ही चार-चार जण आहात. चौघांनी मिळून एवढं ठरवा की कारवाईबद्दल अधिकाऱ्याशी बोलायचं ते कागदावर. चौघांचा प्रभाग म्हणजे कुणाचाच नाही, असं लोक म्हणतात. या एका बाबतीत तरी ते खोटं ठरू शकेल.

शेजारची शेड अजून आहे. परवा मिसळ खायला गेलो तेव्हा मालकाशी बोललो. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "सिलिंडर मागे हलवतो काका, पण सगळ्यांनाच सांगा ना, एकट्यालाच कशाला." त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, सांगतो. तेही या पत्राचं एक कारण.

14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह आहे. 1944 साली त्या तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. तुम्हाला केंद्रावर बोलावतील, हार घालायला देतील, फोटो काढतील. जा, जायलाच हवं. पण त्याच सप्ताहातल्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही आमच्या इमारतीत पंप चालवून गच्चीवरून पाणी मारून बघणार आहोत. गेल्या वेळी सातव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह घट्ट बसला होता, तो नवा टाकलाय, या वेळी उघडतो का बघायचं. आमच्या प्रभागातल्या चौघांनाही पत्र टाकलं आहे. छायाचित्रकार नको, कपडे भिजले तरी चालतील असे घालून या. चहा आमच्याकडे.

कळावे,
आपल्याच प्रभागातला एक मतदार
(आणि अजून तरी मानद सचिव)